मेघांची मिरासदारी

२०२५ सालच्या नरकचतुर्दशीची गोष्ट. अभ्यंगस्नान, कारीट फोडणे, फराळ असा सारा क्रम यथासांग पार पडला होता आणि दुपारी मी ओसरीवर दिवाळी अंक उघडून बसलो होतो. इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी नमस्काराला आला. पुण्याला सॉफ्टवेअर लिहिण्याची नोकरी करतो. मुलगा गुणी, नम्र आणि कामसू. पाया पडून झाले, सौभाग्यवतींनी चकली-अनारशांची बशी पुढे ठेवली, आणि कित्येक दिवस मनात घोळत असलेला प्रश्न मी विचारला.

"अरे, आपल्या त्या ओव्या कुठे आहेत? वाचनालयाच्या पानावर काहीच उघडत नाही."

त्याने हातातली चकली बशीत परत ठेवली. "सर, त्या क्लाऊडवर होत्या."

"होत्या?"

तो खाली पाहू लागला. मी आयुष्यभर मुलांना काळ शिकवीत आलो. पण 'आहेत'चे 'होत्या' होताना इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

त्या ओव्यांची हकीकत थोडक्यात सांगतो. २०१७ ते २०१९ या काळात आमच्या गावच्या वाचनालयासाठी आम्ही दोघांनी अकरा वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. एकूण १४६ मुद्रणे. त्या अकरांपैकी एक माझी आत्या. घरोघरची जाती तोवर परसात पालथी पडली होती. ती आम्ही धुतली, नवा खुंटा ठोकला आणि पुन्हा मांडली. कारण हातात खुंटा आल्याशिवाय या बायकांना ओवी आठवेना! एकदा हात फिरू लागला की मग एकीतून दुसरी निघे. नोकरीधंद्यासाठी परगावी गेलेल्या नातवंडांना आजीचा आवाज ऐकता यावा म्हणून या मुलाने सुट्टीत बसून एक संकेतस्थळ बांधले आणि ते एका कंपनीच्या क्लाऊडवर ठेवले. पहिले वर्ष फुकट होते. पुढचे पैसे त्याच्या कार्डातून परस्पर जात. पुढे कार्डाची मुदत संपली. कंपनीच्या सूचना गेल्या त्या त्याच्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर, जो तो कधी उघडीत नसे. कंपनीने आपले ठरलेले दिवस मोजले आणि खोली रिकामी केली. फोनवरची मूळ मुद्रणे आम्ही दोघांनीही केव्हाच पुसून टाकली होती. का? तर जागा व्हावी म्हणून. आणि 'क्लाऊडवर आहेतच की' म्हणून!

"चूक माझी आहे, सर," तो म्हणाला. ते खरे आहे. माझीही आहे, हेही तितकेच खरे आहे. परंतु या चुकीत तिसरा एक भागीदार आहे आणि त्याला मी आज या पानांवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणार आहे. तो भागीदार म्हणजे 'क्लाऊड' हा शब्द, आणि त्या शब्दाच्या आडोशाने आमच्या मुलांना दिले जाणारे शिक्षण.

मेघ! किती सुंदर शब्द! यक्षाने रामगिरीवरून अलकेला निरोप पाठवायला मेघच निवडला, आणि तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, अशी आपली श्रद्धा आहे. आपल्या सरकारनेही आपल्या योजनेला 'मेघराज' असेच नाव दिले. परंतु संगणकाच्या धंद्यात हा शब्द कवितेतून आलेला नाही. तो आला नकाशातून. टेलिफोनचे आणि संगणकजोडणीचे अभियंते आकृती काढीत, तेव्हा आपल्या कक्षेबाहेरच्या जाळ्याच्या जागी एक ढग काढून मोकळे होत. त्या ढगाचा अर्थ एवढाच की, 'आत काय आहे ते येथे दाखवायचे कारण नाही.' आकृतीपुरते ते योग्यच होते. पण आकृती काढणाऱ्याची ती सोय पुढे धंद्याचे ब्रीद झाली, आणि 'आत काय आहे ते विचारायचे कारण नाही' हे आता वर्गावर्गांतून शिकवले जाते. माझा आक्षेप आहे तो येथे.

आत काय आहे? आत ढग नाही, वाफ नाही, आकाश तर मुळीच नाही. आत आहे जमीन, सिमेंट आणि लोखंड. ऐरोली, रबाळे, महापे या बाजूला जाऊन पाहा. फारशा खिडक्या नसलेल्या थोराड इमारती दिसतील. त्यांच्या पोटात मांडणीवर मांडणी रचून संगणक ठेवलेले असतात. ते तापतात म्हणून अहोरात्र थंड हवा खेळवावी लागते. वीज गेली तर म्हणून बॅटऱ्या आणि डिझेलची जनित्रे सज्ज असतात. समुद्राच्या तळावरून आलेल्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यांतून परदेशाशी बोलणे चालते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे उघडली. ॲमेझॉन २०१६ साली मुंबईत आली आणि गूगल २०१७ साली. म्हणजे ज्याला आपण वर आभाळात समजतो ते पुष्कळदा ठाणे खाडीच्या काठाला असते!

आणि एका संगणकाचे शेकडो गिऱ्हाइकांत वाटप कसे होते? तेही सांगतो. मुंबईची चाळ ज्याने पाहिली आहे त्याला हे कळायला पदवी लागत नाही. इमारत एक, मालक एक. आत भिंती घालून खोल्या पाडलेल्या. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, आपले घर स्वतंत्र आहे. तशा एका लोखंडी यंत्रात सॉफ्टवेअरच्या भिंती घालून अनेक आभासी यंत्रे करतात आणि ती तासाच्या किंवा सेकंदाच्या भाड्याने देतात. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या चाळीतली भाड्याची खोली. यात लाजण्यासारखे काही नाही. निम्मी मुंबई चाळीत वाढली. पण चाळीत राहणारा माणूस आपण चाळीत राहतो हे जाणून असतो!

कोणी म्हणेल, हा मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. याला या विषयात बोलण्याचा अधिकार काय? अधिकार एवढाच की, माझे १४६ आवाज गेले. ज्याच्या घरी चोरी होते त्याला कुलपाविषयी बोलण्यासाठी लोहाराचे प्रमाणपत्र लागत नाही.

आता मी या धंद्याची चांगली बाजू आधी सांगतो, कारण ती न सांगणे हा लबाडपणा होईल. १९६१ साली जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे भाकीत केले होते की, टेलिफोनप्रमाणे संगणकशक्तीही एक दिवस सार्वजनिक सोय म्हणून घरोघर मिळू लागेल. ते भाकीत बाजारात उतरायला ४५ वर्षे लागली. २००६ च्या मार्चमध्ये ॲमेझॉनने साठवणीची सेवा सुरू केली, एका गिगाबाईटला महिन्याला १५ सेंट. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आभासी यंत्र भाड्याने देऊ केले, तासाला १० सेंट. त्यापूर्वी एखाद्या होतकरू मुलाला आपले सॉफ्टवेअर जगापुढे मांडायचे तर आधी यंत्र विकत घ्या, जागा घ्या, वीज घ्या, राखणदार ठेवा! ते सारे दहा सेंटांवर आले. खेड्यातल्या मुलाला आणि कॅलिफोर्नियातल्या मुलाला एकाच भावात एकच यंत्र मिळू लागले. ही क्रांतीच होय, आणि तिला मी मनापासून नमस्कार करतो.

२००८ साली गूगलने 'ॲप इंजिन' आणले. मायक्रोसॉफ्टचे 'अझूर' २०१० साली गिऱ्हाइकांसाठी रीतसर खुले झाले. सोयी वाढत गेल्या आणि त्यांच्या तीन पायऱ्या पडल्या. घरातील गृहिणींना त्या माझ्यापेक्षा लवकर कळतील, कारण फराळाच्याही त्याच तीन पायऱ्या आहेत. पहिली, नुसते स्वयंपाकघर भाड्याने घेणे: चूल, पाणी, ओटा मालकाचा, भाजणी, मळणे, तळणे सारे आपले. दुसरी, आपण भाजणी द्यायची आणि आचाऱ्याने त्याच्या कढईत चकल्या पाडून द्यायच्या. तिसरी, दुकानातून तयार चकलीचा पुडा आणायचा. पहिलीत विकसकाला नुसते यंत्र मिळते. दुसरीत त्याने फक्त आपली आज्ञावली द्यायची, ती चालवण्याची जबाबदारी मंचाची. तिसरीत वापरणारा तयार सॉफ्टवेअर वापरतो, त्यातल्या टपालासारखे. जितके वर चढावे तितके कष्ट कमी. आणि जितके वर चढावे तितके आपल्या हातचे काही उरत नाही, हे मात्र दुकानदार सांगत नाही.

आमच्या मुलाने दुसरी पायरी घेतली होती. तेव्हा त्याला मी विचारले, "कढई कुठली, आचारी कोण, आणि तो उद्या दुकान बंद करून गेला तर आपली भाजणी कुठे, हे तू विचारलेस का?" तो म्हणाला, "सर, ते विचारायचं नसतं. तेच तर क्लाऊडचं वैशिष्ट्य आहे!"

हे वाक्य त्याचे नव्हे. ते त्याला शिकवलेले होते.

आता मालकाच्या हिशेबाची वही पाहू. पहिली गोष्ट मीटरची. यंत्र चालू ठेवून माणूस गावाला गेला, की मीटर चालू. हे आपण वीजबिलावरून समजू शकतो. पण २०२४ साली एक विलक्षण प्रकार उजेडात आला. एका विकसकाने ॲमेझॉनच्या साठवणीत एक रिकामी कोठी उघडली. एक-दोन दिवसांत त्याला १३०० डॉलरांहून अधिक बिल! झाले असे की, कोणत्या तरी लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यादाखल जे नाव घालून ठेवले होते तेच नाव योगायोगाने या कोठीचे होते. आणि जगभरची यंत्रे कोट्यवधी वेळा त्या दारावर थाप मारून गेली. दार उघडले नाही, आत कोणी आले नाही. पण थापांचे पैसे घरमालकिणीने भाडेकऱ्याकडून घेतले! बोभाटा झाल्यावर कंपनीने ते बिल माफ केले आणि पुढे नियमही बदलला, हे तिच्या बाजूने नमूद करतो. पण बोभाटा करता येत नाही अशांचे काय?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपला माल आत नेताना कोणी पैसे घेत नाही. दार सताड उघडे, या, बसा! पण बाहेर नेताना? ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्राचा छापील दर असा: एक गिगाबाईट महिनाभर ठेवायला सुमारे २.३ सेंट, आणि तोच बाहेर काढायला, महिन्याचे पहिले १०० गिगाबाईट सोडले तर, ९ सेंट. म्हणजे आपलेच सामान एकदा दाराबाहेर काढायला जवळजवळ चार महिन्यांचे भाडे! अशा वाड्यात शिरणे सोपे आणि निघणे कठीण. आणि नुसते सामान काढून भागत नाही. प्रत्येक मालकाच्या काही खास सोयी असतात. ॲमेझॉनचा 'डायनॅमोडीबी' हा माहितीकोश गूगलकडे मिळत नाही, गूगलचा 'बिगक्वेरी' ॲमेझॉनकडे मिळत नाही. या सोयी भिंतीत चिणलेल्या कपाटासारख्या आहेत. संसार त्यांतच मांडला, की घर सोडताना कपाट नेता येत नाही. संसार पुन्हा नव्याने रचावा लागतो.

फुकटाचेही तसेच. 'हेरोकू' नावाचा एक मंच होता आणि आहे. हजारो विद्यार्थ्यांनी आपले पहिले सॉफ्टवेअर त्याच्या फुकट खोलीत मांडले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ती फुकट सोय बंद झाली. बंद करण्याचा मालकाला पूर्ण अधिकार होता. पण ज्याला ठाऊकच नव्हते की आपण दुसऱ्याच्या ओसरीवर झोपलो आहोत, त्याला सकाळी उठवल्यावर केवढा धक्का बसला असेल!

आपल्याकडे जुन्या गावगाड्यात मिरासदार असत आणि उपरी असत. उपरी कष्ट करी, जमीन कसे. पण मुळे रुजवण्याचा हक्क मिरासदाराचा. ही विषमता कमी करायला मुंबई राज्याला १९४८ साली कूळकायदा करावा लागला, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. आज युरोपने या मेघांच्या मिरासदारीला कूळकायदा लावायला घेतला आहे. २०२५ च्या १२ सप्टेंबरपासून तेथे लागू झालेल्या डेटा कायद्यात, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना घेतले जाणारे बदलीचे आकार १२ जानेवारी २०२७ पासून बंद करण्याची तरतूद आहे. त्याची चाहूल लागताच २०२४ मध्ये गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही, कायमचे सोडून जाणाऱ्यांना बाहेर नेण्याचा आकार माफ करू, असे जाहीर केले. जो आकार कायद्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने माफ होऊ शकतो तो इतकी वर्षे अपरिहार्य कसा होता, हे मला कोणी समजावून सांगावे!

आता पडझडीकडे वळतो. त्याच नरकचतुर्दशीच्या दुपारी माझा विद्यार्थी फोनकडे पाहून उद्गारला, "सर, व्हर्जिनियात काहीतरी मोठं पडलंय!" आणि खरेच, २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात गोंधळ उडाला होता. पत्ते सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित आज्ञावल्यांनी एकमेकींच्या कामावर काम केले आणि एका महत्त्वाच्या माहितीकोशाचा पत्ताच नोंदवहीतून पुसला गेला. कोश जागच्या जागी होता. पण त्याच्या दारावरची पाटी गेली! जगभरच्या असंख्य सेवा अडखळल्या आणि सारे सुरळीत व्हायला सुमारे पंधरा तास लागले. २०१७ च्या २८ फेब्रुवारीला याच केंद्रात एका कर्मचाऱ्याने एक आज्ञा चुकीची टंकली आणि हवी त्याहून अधिक यंत्रे बंद पडली. गंमत म्हणजे, 'आमची सेवा कशी चालू आहे' हे सांगणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच साठवणीवर अवलंबून होता. त्यामुळे तो बराच वेळ 'सर्व ठीक' असेच सांगत राहिला!

बंद पडलेले पुन्हा सुरू होते. जळलेले होत नाही. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे 'ओव्हीएच' कंपनीची एक अख्खी इमारत जळाली. काही गिऱ्हाइकांनी प्रतीसाठी वेगळे पैसे भरले होते. आणि ती प्रत ठेवली कुठे होती? त्याच इमारतीत! २०२३ साली तेथील न्यायालयाने या गोष्टीबद्दल कंपनीला दोषी धरले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथे सरकारी माहितीकेंद्राला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी नोकरांनी ज्या सामाईक कोठीत आपले कागद ठेवावेत असा आग्रह होता, त्या कोठीतील ८५८ टेराबाईट माहिती भस्म झाली. दुसरी प्रत नव्हती. कारण काय दिले? कोठी फार मोठी होती म्हणून! हे राज्य काही खाजगी मिरासदाराचे नव्हते, सरकारचेच होते. म्हणून मी स्पष्ट सांगतो, माझा झगडा केवळ अमेरिकन कंपन्यांशी नाही. माझा झगडा 'ते आहे कुठेतरी वर' या बेफिकिरीशी आहे.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीचा गूगलवरील एक मोठा डोलारा एकाएकी नाहीसा झाला. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या म्हातारपणाची पुंजी त्या निधीत. सुरुवातीला यंत्रणा उभारताना गूगलच्या माणसाकडून एक रकाना कोरा राहिला. कोऱ्याचा अर्थ यंत्राने 'एक वर्षाची मुदत' असा घेतला, आणि वर्ष भरताच सारे आपोआप पुसले! निधीने दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या, त्याही गेल्या, कारण दोन्ही त्याच डोलाऱ्यात होत्या. तरी निधी वाचला. का? वेगळे बॅकअप होते, आणि त्यांतला एक दुसऱ्याच कंपनीकडे ठेवण्याची सुबुद्धी कोणाला तरी झाली होती. आठवड्याहून अधिक धावपळ झाली. पण म्हाताऱ्यांची पुंजी शाबूत राहिली. तो अनामिक शहाणा माणूस माझ्या लेखी खरा विकसक!

यावर माझ्या विद्यार्थ्याने एक मुद्दा मांडला, आणि तो बिनतोड वाटतो म्हणून येथे देतो. "सर, वाचनालयातला संगणक तरी कुठे अमर होता? त्याला वाळवी लागली असती, पावसाळ्यात पत्रा गळला असता." खरे आहे. नेटफ्लिक्स कंपनीचेच पाहा. २००८ साली त्यांचा स्वतःच्या घरातला माहितीकोश बिघडला, तीन दिवस गिऱ्हाइकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. आणि तेव्हापासून ते हळूहळू क्लाऊडवर गेले, २०१६ साली ते काम पुरे झाले. उलट 'बेसकँप' चालवणारी कंपनी २०२२ सालचे ३२ लाख डॉलरांचे बिल पाहून क्लाऊडमधून बाहेर पडली आणि स्वतःची यंत्रे घेऊन बसली. दोघेही आपापल्या जागी शहाणे. कारण दोघांनीही हिशेब केला. कुठे राहावे याबद्दल माझा हट्ट नाही. भाड्याने राहा, विकत घ्या, धर्मशाळेत उतरा. पण करारनामा वाचून राहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि करारनाम्यात काय लिहिलेले असते? त्याला ते 'सामाईक जबाबदारी' म्हणतात. अर्थ असा: इमारत, वीज, यंत्रे, कुलपे यांची जबाबदारी मालकाची; आत काय ठेवता, किल्ली कोणाला देता आणि प्रत कुठे ठेवता ही जबाबदारी तुमची. हे छापलेले असते, लपवलेले नसते. पण जे विकताना आकाशाचे चित्र दाखवायचे आणि बुडाल्यावर करारनाम्याचे कलम दाखवायचे, याला आमच्या गावी वेगळा शब्द आहे. तो दिवाळी अंकात छापता येत नाही.

म्हणूनच माझा खरा राग कंपन्यांवर नाही. त्या व्यापार करतात. माझा राग आहे तो शिकवणाऱ्यांवर, म्हणजे माझ्याच जातभाईंवर. आज गल्लोगल्ली क्लाऊडचे वर्ग निघाले आहेत. त्यांत काय शिकवतात? कोणते बटण कुठे आहे, कोणत्या सेवेचे नाव काय, परीक्षेत कोणता पर्याय बरोबर. मुले नावे घोकतात आणि प्रमाणपत्र भिंतीला लावतात. यंत्र कसे वाटले जाते, निरोप कोणत्या वाटेने जातो, एक गिगाबाईट बाहेर काढायला काय पडते, आणि सगळे जळाले तर पुन्हा उभे करायला किती तास लागतील, हे विचारा, वर्ग गप्प! ही मुले स्वयंपाक शिकत नाहीत, एका विशिष्ट खाणावळीचा मेनू पाठ करतात. २०२३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना आदेश दिला की, बाहेरच्या संगणकसेवा घेताना त्यांतून बाहेर पडण्याची योजनाही तयार ठेवा. बँकांना, जिथे गल्लेगठ्ठ पगाराचे तज्ज्ञ बसतात, तिथे हे सांगावे लागले! मग वाचनालयाला, शाळेला आणि पतपेढीला कोण सांगणार?

मी सांगतो. ज्याच्या घरी सॉफ्टवेअर शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्याने यंदा पाडव्याच्या ओवाळणीआधी तिला किंवा त्याला तीन प्रश्न विचारावेत. तुझे काम नक्की कोणत्या शहरातल्या, कोणाच्या यंत्रावर आहे? त्याची दुसरी प्रत दुसऱ्या मालकाकडे, दुसऱ्या गावी आहे का, आणि ती उघडून पाहिलीस का? आणि उद्या हे घर सोडायचे झाले तर किती दिवस आणि किती रुपये लागतील? उत्तरे आली तर मुलाला चांगले शिक्षक लाभले असे समजा. नाही आली, तर प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवा.

आमच्या ओव्या सगळ्या मिळून एक गिगाबाईटही नव्हत्या. नुसत्या साठवणीच्या बाजारभावाने त्यांचे भाडे महिन्याला दोन-तीन रुपये झाले असते. इतक्या पैशांसाठी एक पिढीचा आवाज गेला. अकरांपैकी चौघीच आज हयात आहेत. आत्या २०२२ साली गेली.

त्या नरकचतुर्दशीनंतर आम्ही दोघांनी शोध शोध शोधले. नाशिकला असलेल्या माझ्या ताईच्या फोनवर तीन मुद्रणे सापडली. मी तिला कधीतरी व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि ती कधी काही पुसत नाही, म्हणून आम्ही तिला नेहमी हसत असू. १४६ पैकी तीन. त्यांतले एक आत्याचे. आवाज थोडा चिरका झाला आहे, जात्याची घरघर आहे, मध्येच कोंबडी ओरडते, आणि एका ठिकाणी आत्या थांबून मला म्हणते, "तू दळायला बस, मगच पुढची सांगेन."

उरलेल्या चौघींकडे आम्ही पुन्हा गेलो. दोघींना आता आठवत नाही. दोघींनी मिळून २९ ओव्या दिल्या. माझ्या विद्यार्थ्याने त्या पुन्हा क्लाऊडवर ठेवल्या आहेत, आणि मी त्याला अडवले नाही. नातवंडांनी ऐकाव्यात तर ती वाट चांगलीच आहे. पण या खेपेस दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडे आहे, तिसरी ताईकडे नाशिकला, आणि चौथी वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, एका डबीत. डबीत एक कागद आहे. त्यावर शाईने लिहिले आहे: खाते कोणाच्या नावावर, पैसे कोणत्या तारखेला भरायचे, आणि ग्रंथपाल बदलल्यास हा कागद नव्या ग्रंथपालाने प्रथम वाचावा. दर वर्षी नरकचतुर्दशीला चारही प्रती उघडून ऐकायच्या, असा ठराव वाचनालयाच्या सभेत मंजूर झाला आहे. सूचक मी, अनुमोदन त्याचे.